बापाच्या विहिरीतला गाळ

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. माझं वय ४१. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर काम करतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीत वीसेक वर्षं पंच. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या तोंडावर ते गेले. तेव्हापासून मंडळीने त्यांची जागा मला देऊन टाकली, मला न विचारता. घरगुती प्रार्थना असली की पाळक म्हणतात, "आता गुरुजींचा मुलगा प्रार्थना करील." मी उठतो, डोळे मिटतो आणि तोंडातून वडिलांचीच वाक्यं निघतात. "हे दयाळू बापा, आम्ही रिकाम्या ओंजळीने तुझ्या दारात आलो आहोत," हे त्यांचं वाक्य. ते जिथे थांबायचे तिथेच मी थांबतो. म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावतात. मला मात्र चोरी केल्यासारखं होतं, कारण त्या वेळी माझ्या मनात काहीच नसतं. कधी कधी तर दुसऱ्या दिवशीची वसुलीची यादी असते.

दुसरं असं, की २०११ साली वडील गल्लीतल्या एका शेतकऱ्याला मोसंबीच्या बागेच्या कर्जासाठी जामीन राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळली, त्याने ती तोडून सरपणाला घातली, कर्ज थकलं. वडिलांनी साडेचार वर्षं पेन्शनमधून हप्ते भरले आणि घरात अवाक्षर काढलं नाही. त्याच काळात "पैसे नाहीत" म्हणून धाकट्या बहिणीचं नर्सिंग राहिलं. हे सगळं ते गेल्यावर पावत्यांच्या गठ्ठ्यातून कळलं. मंडळीत एकाने ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली तेव्हा सगळे आमेन म्हणाले. बहीण उठून बाहेर गेली. ती अजून चर्चला येत नाही.

आणि तिसरं म्हणजे मुलगा. पंधरा वर्षांचा आहे. दृढीकरणाच्या वर्गाला बसत नाही. म्हणतो, "तो आजोबांचा देव आहे." शिवाय विचारतो, की आपले पणजोबा आणि ख्रिस्ती न झालेल्या चुलत घराण्यातले पणजोबा एकाच मांगवाड्यातले, मग त्यांच्या पोरांना शिष्यवृत्ती आणि मला का नाही?

मी वडिलांचा विश्वास पुढे चालवतोय, की नुसता त्यांचा सदरा घालून हिंडतोय?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : भाऊ, सलाम. पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनानंतर मला तुमच्यापेक्षा तुमच्या बहिणीची काळजी जास्त वाटली. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या प्रार्थनेचं बोलू.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एका मिशन दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. शिळ्या जखमेला गॉज चिकटून बसतो. रक्त आणि पू वाळून त्याची खपलीच होते. घाईतला माणूस चिमट्याने धरतो आणि ओढतो. गॉज निघतो, पण सोबत नवं आलेलं मांसही निघतं आणि जखम आठ दिवस मागे जाते. दादा उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी वाटीत घ्यायचे, कापसाच्या बोळ्याने गॉजवर थेंब थेंब सोडायचे आणि थांबायचे. बाहेर रांग असायची, कोणी ओरडत असायचं, तरी थांबायचे. पुन्हा थेंब सोडायचे. गॉजची कड आपसूक उचलली गेली की मगच चिमटा लावायचे. आणि हे चालू असताना म्हणत राहायचे, "झालं बाळा, झालं, एवढंच." सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही बाळाच.

मी नर्स झाले आणि पहिल्याच महिन्यात ड्रेसिंग करताना माझ्या तोंडून तेच निघालं. मला तुमच्यासारखंच वाटलं. दादांना त्या माणसाबद्दल जे वाटायचं ते मला वाटत नव्हतं. मला बसची वेळ आठवत होती. मग मी ते शब्द म्हणायचे बंद केले. बरीच वर्षं मी मुकाट्याने ड्रेसिंग करत होते, म्हटलं खोटं तरी बोलत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आपल्याकडची ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं तुम्हाला माहीत आहेत. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आपण ज्यांचं कौतुक करायचो, त्यांच्याच खाली माणसं झोपेत गेली. आमच्या तुकडीला तिसऱ्या दिवशी सास्तूरच्या बाजूला पाठवलं. दादांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तंबूत एका बाईचा हात होता माझ्यापुढे, मनगटापासून वर चेचलेला, पहिल्या दिवशी कोणीतरी बांधलेली पट्टी तशीच वाळलेली. तिची दोन लेकरं सापडली नव्हती. त्या वेळी माझ्या मनात देव नव्हता. खरं सांगते, काहीच नव्हतं. झोप नव्हती, आणि "प्रभू" म्हणायलाही जीभ उचलत नव्हती. मी मिठाचं पाणी घेतलं, थेंब सोडले, थांबले, आणि बंद केलेले ते शब्द इतक्या वर्षांनी तोंडातून बाहेर आले. "झालं बाळा, झालं." ती बाई वयाने माझ्याहून मोठी होती. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आणिक म्हन, माय."

मी म्हणत राहिले. पट्टी निघेपर्यंत म्हणत राहिले.

माझ्या मनात काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला ते शब्द हवे होते आणि ते माझ्याकडे होते, कारण दादांनी ते माझ्यासमोर हजारदा म्हटले होते. म्हणून सांगते, तुमच्या मंडळीतल्या त्या म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावतात तेव्हा तुम्ही त्यांचं काही चोरलेलं नसतं. गुरुजींनी त्यांच्यासाठी ठेवलेलं तुम्ही त्यांना पोहोचतं करत असता. हेही काम आहे, आणि ते करायला दर वेळी मन भरून आलेलं असावं लागत नाही.

उत्पत्तीचा २६वा अध्याय काढा. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि त्यांना नावंही तीच दिली, जी बापाने दिली होती. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. चैत्र-वैशाखात पाणी बुडाला गेलं की यारी लावून माणसं विहिरीत उतरतात आणि टोपल्या भरभरून गाळ वर काढतात. काळा, वास मारणारा गाळ. त्यात बुडालेल्या कळश्या निघतात, पोरांच्या चपला निघतात. मग झरा मोकळा होतो. आजोबांनी खणलेल्या विहिरीचं पाणी पिणाऱ्याला गावात कोणी चोर म्हणत नाही. गाळ न काढता नुसतं आजोबांचं नाव सांगत बसला, तर मात्र दोन उन्हाळ्यांत विहीर आटते.

तेव्हा वडिलांची वाक्यं सोडू नका. ती त्या विहिरीची नावं आहेत. फक्त त्यांच्या खाली एक टोपली स्वतःची काढा. प्रार्थनेत मन वसुलीच्या यादीवर जातं म्हणता ना? मग यादीच देवापुढे ठेवा. गुरुजींचं "रिकाम्या ओंजळीने" झालं की स्वतःचं एक वाक्य म्हणा, "उद्या मला ज्यांच्या दारात जायचं आहे त्यांना सांभाळ, आणि मलाही सांभाळ." नावं मोठ्याने घ्यायची नाहीत, लोकांची थकबाकी चव्हाट्यावर येता कामा नये. मनात नावानिशी घ्या. हे वाक्य तुमच्या वडिलांना म्हणताच आलं नसतं, कारण ते काम त्यांचं नव्हतं.

नोकरीचं तुम्ही उघड विचारलं नाही, पण जामिनाची आणि वसुलीची गोष्ट एकाच पत्रात आली, म्हणजे ते सलतंय. वसुली करणं पाप नाही. संस्थेत ठेव ठेवलेली भाजीवाली असते, लेकीच्या लग्नाचे पैसे ठेवलेला हमाल असतो. कर्ज बुडालं तर तेही बुडतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले, तेव्हा त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. नेमून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तुमच्या टेबलावर याचा अर्थ काय होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. घरात पाहुणे असताना दारात उभं राहून आकडा ओरडायचा की नाही, पोरांदेखत बोलायचं की त्याला बाजूला घेऊन, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघण्याआधी माणसाला वेळेत स्पष्ट सांगायचं की नाही, हे सगळं तुमच्या हातात आहे. आणि जामीनदाराला पहिला हप्ता थकल्याबरोबर कळवा. कागदावर सही करताना निम्म्या लोकांना वाटतं, आपलं नाव नुसतं नावाला आहे. करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्याला साध्या मराठीत आधी सांगणारा माणूस टेबलावर असेल तर एखादं घर वाचतं. असा माणूस २०११ साली गुरुजींना भेटला असता, तर तुमच्या बहिणीची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

आता बहीण.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. ज्यांनी ते वर्ष बघितलं त्यांना लाल मिलो ज्वारी आठवत असेल, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी आठवत असेल. खडी फोडायच्या कामावर बाया लेकरं घेऊन जायच्या. आमच्या वस्तीत पोरांना सुकडी आणि दूधभुकटीचं दूध वाटलं जायचं आणि वाटपाचं काम दादांकडे होतं. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "आपल्या घरचं शेवटी." मी रांगेत शेवटी उभी राहायचे. एक दिवस रांग लांबली. आजूबाजूच्या वाडीतली लेकरं आली होती. माझ्या पुढे तीन पोरं असतानाच डाव पातेल्याच्या बुडाला घासल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. माझ्या पुढच्या पोराला खरवडून अर्धी वाटी मिळाली. दादांनी पातेलं पालथं घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल." घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

रांग बरोबर होती. आज त्यांच्या जागी मी असते तर मीही तीच रांग लावली असती, कारण वाटणाऱ्याचं पोर पुढे उभं राहिलं की रांगेतल्या प्रत्येक आईचा विश्वास जातो. हे मी दादांकडूनच शिकले आणि पुढे दवाखान्यात ओळखीच्या माणसाला नंबर मोडून आत घेण्याचा प्रश्न आला, तेव्हा प्रत्येक वेळी ते पातेलं आठवलं. पण वाटेत त्यांनी मला जवळ घेऊन एवढं म्हणायला हवं होतं, की पोरी, आज तू उपाशी राहिलीस हे मला दिसलं. ते त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. मी कित्येक वर्षं देवावर रुसून होते. रुसवा दादांवर होता हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

भाऊ, त्यांच्या विहिरीतला गाळ तो हाच. त्या पिढीच्या भल्या माणसांनी देवासाठी आणि लोकांसाठी खूप केलं, आणि त्यातलं किती घरच्यांच्या ताटातून जातंय हे घरच्यांना विचारलं नाही. सांगितलंही नाही. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये, हे प्रभूचं वचन त्यांनी मनापासून पाळलं. पण ते वचन गावात मिरवणाऱ्यांसाठी आहे. बायको-लेकरांना अंधारात ठेवायला सांगणारं वचन मला तरी शास्त्रात कुठे सापडलेलं नाही. तुमच्या वडिलांनी त्या शेतकऱ्याला बुडू दिलं नाही, त्याबद्दल माझा त्यांना सलाम आहे. पण साडेचार वर्षांतल्या एखाद्या संध्याकाळी त्यांनी मुलीला बोलावून सांगायला हवं होतं, की बाई, पैसे आहेत, पण ते इकडे चाललेत, आणि त्यात तुझं नुकसान आहे. ती कदाचित भांडली असती. कदाचित हो म्हणाली असती. हो म्हणायची संधीच तिला मिळाली नाही.

तिच्याकडे जा, एकटे. बायबल नेऊ नका, पाळकांना तर मुळीच नेऊ नका. "वडील किती थोर होते" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून निघू देऊ नका. एवढंच म्हणा, की ते कर्ज तूही फेडलंस आणि आम्ही कोणी ते ओळखलं नाही. नंतर ती जे बोलेल ते ऐकून घ्या, वडिलांचा बचाव करू नका. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही. नर्सिंगच्या प्रवेशाचं वय गेलं असेल तर आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरगुती सेवेचे छोटे अभ्यासक्रम असतात. तिची इच्छा असेल तर फी तुम्ही भरा, आणि बायकोला आधी सांगून भरा. आणि मंडळीत ती साक्ष पुन्हा कोणी द्यायला उठलं तर तुम्ही उभे राहा आणि सांगा, की बहिणीला विचारल्याशिवाय ही गोष्ट सांगू नका. ती चर्चला येईल की नाही याचा हिशेब आत्ता मांडू नका. यायला लावण्यासाठी गेलात तर तिला ते उंबऱ्यावरच कळेल.

पुन्हा कोणाला जामीन राहायची वेळ आली तर? राहावंसं वाटलं तर राहा. पण सही करण्यापूर्वी घरात सगळ्यांना बसवून, आकडा सांगून.

आता मुलाचं. त्याचं वाक्य वाचून मी थबकले. आपल्या जालन्याजवळ बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री, ज्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून ते गाव वसवलं. आपल्या कितीतरी घराण्यांची मुळं तिथवर जातात. त्यांनी ते नाव घेतलं उत्पत्तीच्या २८व्या अध्यायातून. इसहाकाचा मुलगा, म्हणजे अब्राहामाचा नातू याकोब घर सोडून पळालेला आहे, रात्री रानात दगडाची उशी करून झोपला आहे. स्वप्नात देव त्याला स्वतःची ओळख काय सांगतो? तुझा बाप अब्राहाम याचा देव आणि इसहाकाचा देव. तिथे देव "तुझा देव" म्हणत नाही. आणि सकाळी उठून याकोब काय म्हणतो ते बघा. देव जर माझ्याबरोबर राहिला, मला खायला अन्न आणि नेसायला वस्त्र दिलं, मी सुखरूप घरी परतलो, तर परमेश्वर माझा देव होईल. जर आणि तर. देवाने त्याला हाकलून दिलं नाही. त्या "जर"वर तेल ओतून उभा केलेला दगड म्हणजेच बेथेल.

तुमचा मुलगा "आजोबांचा देव" म्हणतो, ते बेथेलच्या पहिल्याच रात्रीचं वाक्य आहे. त्याला तिथे थोडा वेळ राहू द्या. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी त्याच्या वतीने दिलेला शब्द स्वतःच्या तोंडाने देणं. तो द्यायला तो तयार नाही आणि तसं सांगतोय, तर तो त्या शब्दाला किंमत देतोय. यंदा वर्ग होऊ द्या त्याच्याशिवाय. मंडळीतले लोक विचारतील, "गुरुजींचा नातू आणि बसला नाही?" तेव्हा उत्तर तुम्ही द्या, त्याला पुढे करू नका. पाळकांना आधीच भेटून सांगून ठेवा. एखाद्या रविवारी दुपारी त्याला मोटारसायकलवर बेथेलला नेऊन आणा. प्रवचन देऊ नका. कोणत्या घरातून आपली माणसं इथवर आली, कोणत्या दुष्काळात, काय सोसून, एवढं माहीत असेल तेवढं सांगा.

आणि शिष्यवृत्तीचं खरं खरं सांगा. पंधरा वर्षांच्या पोराला "देव बघून घेईल" म्हणून गप्प केलं की त्याचा देवावरचा आणि बापावरचा विश्वास एकदमच जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. वर्षानुवर्षं याच्यावर न्यायालयात आणि बाहेर वाद चालू आहे. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी आयोग नेमला. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात धरतात. तुम्ही मुलाचा ओबीसीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर काढला आहे का? नसेल तर आधी ते काम करा, दहावीनंतर धावपळ होते. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर "ख्रिस्ती" लिहिलं तेव्हा त्यांना याची किंमत माहीत होती, ते स्वतः शिक्षक होते. मला वाटतं, पोराला हे सांगण्यासारखं आहे. तुझ्या आजोबांनी लिहिलं म्हणून तूही गप्प बस, असं म्हणू नका. हा अन्याय आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तसं म्हणा. मला वाटतो.

सदऱ्याचं विचारलंत. दादांचा सदरा माझ्या थोरल्या भावाने वर्षभर घातला. खांद्यात ढगळ व्हायचा. मग आईने तो उसवून त्याच्या मापाचा शिवून दिला. कापड तेच होतं.

प्रश्न : माझी आई बायबलबाई होती. बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर पायी जायची, बायांना वाचायला शिकवायची, गाणी म्हणायची. तिचं जुनं बायबल माझ्याकडे आहे. पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं आहे असं आई सांगायची. मागून वाळवी लागली आहे. मी त्यातून वाचत नाही, भाषा जड जाते, आणि वाचत नाही म्हणून मनाला टोचतं. मंडळीला देऊन टाकू का?
– एक वाचक भगिनी, बीड

उत्तर : बाई, आज देऊ नका. ते खरोखर रमाबाईंच्या भाषांतराचं असेल तर फार मोलाची वस्तू आहे. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून ते केलं, १९२२ साली जाण्याच्या थोडं आधी काम पुरं केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्या बायांच्या हातांनी ते छापलं गेलं. १९२४ साली प्रसिद्ध झालं. पहिलं पान शाबूत असेल तर त्यावर बघा.

रोजच्या वाचनाला सोप्या भाषेतलं बायबल घ्या. त्यात कमीपणा नाही. आई बायांना त्यांना कळेल त्याच भाषेत सांगत असणार, नाहीतर त्या वस्त्यांनी तिला दुसऱ्यांदा बोलावलं नसतं.

वाळवीचं आजच बघा. उन्हात ठेवू नका, कागद कडक होऊन मोडतो. सावलीत, वारं असेल तिथे उघडं ठेवा, मऊ कोरड्या ब्रशने माती आणि किडे झाडा. पानं चिकटली असतील तर ओढू नका. पूर्ण कोरडं झालं की धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट राहतं. महिन्याने एकदा उघडून बघा.

त्याआधी एक करा. अशा बायबलांच्या पुढच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू तारखेनिशी लिहिलेले असतात. शाई फिकी झाली असेल तर सकाळच्या तिरप्या उजेडात खिडकीपाशी धरा, अक्षरं उठून दिसतात. त्या पानांचे फोटो काढा आणि भावंडांना पाठवा. आईने ओळींखाली पेन्सिलीने खुणा केल्या असतील तर त्याही पानांचे काढा.